रेघेवरचं गाव

एवढा मोठा देश. त्याचे भाग पाडायचे म्हणजे भावाभावांनी भांडीकुंडी वाटून घेण्याइतकं सोपं नाही, असं सर ज्याला त्याला सांगत. आणि तरी ते काम त्यांच्याच गळ्यात येऊन पडलं. सरकारनं एक समिती नेमली होती. शाळेची पुस्तकं, रेडिओची केंद्रं, ग्रंथालयं, सगळं राजधानीच्या एकाच साच्यातून काढायचं बंद करावं आणि ज्या त्या मुलखाच्या वळणानं करावं, असा समितीचा हेतू होता. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. पण त्यासाठी कुठला मुलूख कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे आधी कुणीतरी ठरवायला हवं होतं. लोक बोलतात कसे, घरं बांधतात कशी, पोरांना काय म्हणून निजवतात, हे गोळा करण्यात सरांची उभी हयात गेली होती. त्यांच्याशिवाय दुसरं नाव कुणाला सुचलंही नसेल.

नकाशे काढायचं काम त्यांच्या बायकोचं. भूमापन कचेरीत ती हातानं नकाशे रेखायची, आणि तिथं सगळे तिला नकाशाबाई म्हणत. हळूहळू शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले. एकदा तर खुद्द सरांनी पाहुण्यांपुढं "या आमच्या नकाशाबाई" अशी ओळख करून दिली आणि वर तिच्याकडं बघून मिशीत हसले. तिनं तेव्हा डोळे वटारले, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

समितीचं काम आलं तसं घरातलं जेवणाचं टेबल देशानं व्यापलं. मोठाच्या मोठा कागद, त्याच्यावर पारदर्शक कागदाचे थर, शाईच्या बाटल्या, बारीक टोकाच्या पेनांचा डबा. दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवत. मीठ विसरलं की सर म्हणायचे, "उत्तरेकडून जरा मीठ सरकव." ती दिवसा कचेरी करून यायची आणि संध्याकाळी सर सांगतील तसे मुलूख रेखायची. डोंगराळ मुलूख, किनाऱ्याचा मुलूख, मधलं पठार. एकेकाला एकेक रंग. दिवस चांगले होते. आपण दोघं मिळून काहीतरी मोठं करतो आहोत, असं तिला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

फक्त एक जागा तिनं शेवटपर्यंत मागं ठेवली होती, ती म्हणजे तिचं माहेर.

ते गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं होतं. मधे दगडी पूल. अलीकडच्या काठावर एक भाषा, पलीकडच्या काठावर दुसरी, असं लांबून बघणाऱ्याला वाटे. आत जाऊन बघावं तर कशाचा कशाला मेळ नाही. गावकरी आकडे एका भाषेत मोजत आणि शिव्या दुसरीत देत. नकाशाबाईचे वडील अलीकडचे, आई पलीकडची. आई रागवायची ती वडिलांच्या भाषेत, म्हणजे वडिलांनाही कळावं. समजूत काढायची ती मात्र आपल्या. आणि रस्त्यावर, बाजारात, पुलावर जे बोललं जाई ते या दोन्हींचं मिळून झालेलं तिसरंच काही होतं. त्याला नाव नव्हतं. कुणाला नाव ठेवायची गरजही कधी पडली नव्हती.

तिचा थोरला भाऊ त्या गावात पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. सगळं गाव त्याला पेंटर म्हणे, ती दादा म्हणे. त्याच्या हाताला दोन्ही लिप्या सारख्याच वळणदार होत्या, आणि गावातली प्रत्येक पाटी दोन लिप्यांत असायची. वर कुठली आणि खाली कुठली, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. लहानपणी ती त्याच्या शेजारी बसून रंगाचे डबे धरायची. ब्रश कसा पकडायचा, श्वास सोडता सोडता रेघ कशी ओढायची, हे तिला त्यानंच शिकवलं. "रेघ ओढताना रेघेकडं बघू नये, जिथं पोचायचं तिथं बघावं," असं तो सांगे. पुढं ती नकाशे काढायला लागली तेव्हा कचेरीतल्या साहेबांना तिच्या हाताचं नवल वाटायचं. तिला वाटायचं नाही.

सर अभ्यासाच्या निमित्तानं त्या गावात अनेकदा जाऊन आले होते. दारोदार फिरून त्यांनी विचारलं होतं, तुम्ही स्वतःला कुठले समजता? लोक म्हणत, इथले. इथले म्हणजे अलीकडचे की पलीकडचे? लोक म्हणत, अहो, इथले म्हणजे इथले. शेवटी त्यांनी मेहुण्याला विचारलं. दादा तेव्हा शिडीवर उभा राहून कुठल्याशा औषधाच्या दुकानाची पाटी करत होता. तो वरूनच म्हणाला, "लिहा सर, दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं असलेलं गाव. मधून नदी जाते, तिला आमची काही हरकत नाही." सर पोट धरधरून हसले होते.

म्हणून सरांच्या पहिल्या मसुद्यात नदीच्या दोन्ही अंगांना एक रुंद पट्टा होता, दोन्ही रंगांच्या बारीक तिरप्या रेघांनी भरलेला. नकाशाबाईनं तो फार निगुतीनं भरला. मसुदा समितीपुढं गेला तेव्हा तीही सरांबरोबर गेली होती. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. नकाशाचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मग पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, मुलाच्या हातात पुस्तक एकच देता येतं. या पट्ट्यातल्या मुलाला मी कुठलं देऊ?"

दोन्ही द्या, असं सर म्हणाले. दोन्ही देण्याइतके शिक्षक देशात नाहीत, असं अध्यक्षांनी समजावून सांगितलं, आणि आज एका पट्ट्याला हो म्हटलं तर उद्या प्रत्येक सीमेवर पट्टा मागायला लोक येतील, हेही सांगितलं. सरांनी बराच वेळ वाद घातला. पण वादात त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना अडून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

घरी आल्यावर ते टेबलाशी बसून राहिले. मग म्हणाले, "नदीवरून ने."

ती म्हणाली, "गावाच्या मधून जाईल."

"दुसरीकडून कुठूनही नेली तरी कशाच्या तरी मधूनच जाईल. नदी निदान आधीपासून आहे तरी."

तिनं नवा कागद चढवला. डोंगरातून नदी जशी उतरते तशी रेघ खाली आणली, गावाशी जिथं नदी वळसा घेते तिथं तीही वळवली, आणि पुढं समुद्राकडं नेली. काम झाल्यावर तिनं पेन धुतलं, पुसलं आणि डब्यात ठेवलं. तिच्या आयुष्यातल्या उत्तम रेघांपैकी ती एक होती.

नकाशा छापून आला, गाजला. शाळाशाळांच्या भिंतींवर लागला. तिनं एक प्रत दादाला पाठवली. त्यानं ती काचेच्या चौकटीत बसवून दुकानात समोरच लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, की हा बाळीचा हात बघा. बाळी म्हणजे ती. पन्नाशीला टेकली तरी त्याच्यासाठी ती बाळीच होती.

सुरुवातीला कुणाचंच काही बिघडलं नाही. उलट अलीकडच्या काठावर अलीकडच्या भाषेची शाळा झाली, पलीकडं पलीकडच्या, आणि दोन्ही शाळा आधीच्या शाळेपेक्षा बऱ्या होत्या. मग रेडिओ वेगळा झाला. मग नोकऱ्या ज्या त्या मुलखातल्यांना आधी, असा नियम आला. तोही वाजवी वाटला. पोरं मोठी झाली ती आपापल्या काठाची भाषा शुद्ध बोलणारी झाली आणि आईबापांच्या बोलण्याला हसायला लागली. पुलावरचं ते तिसरं बोलणं म्हाताऱ्यांपुरतं उरलं. आणि एक दिवस अलीकडच्या नगरपालिकेनं ठराव केला, की पाट्यांवर यापुढं एकच लिपी.

दादाला काम रग्गड मिळालं. त्यानंच लिहिलेल्या पाट्यांवरची अर्धी अक्षरं त्यानंच बुजवायची. तो फोनवर बहिणीला थट्टेनं म्हणायचा, की आयुष्यभर लिहिलेलं आता खोडतोय, पुढचा जन्म कोरा मिळणार बहुतेक. ती हसायची. पण फोन ठेवल्यावर तिला घरात काही सुचायचं नाही.

मग त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर गोष्ट आली. तिच्यावर दोन्ही लिप्यांत "पेंटर" एवढंच लिहिलेलं होतं. ती मात्र मी बुजवणार नाही, असं त्यानं पालिकेच्या माणसांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या एका पेंटरला बोलावून तिचा अर्धा भाग पांढरा करून घेतला. तेव्हापासून अलीकडचे लोक त्याला काम देईनात, हा आतून तिकडचा आहे म्हणून. पलीकडं गेला तर तिथले म्हणाले, आमची अक्षरं पुसत फिरलास तो तूच ना? इकडं आड आणि तिकडं विहीर. त्यानं हे बहिणीला कधी सांगितलं नाही. ते वहिनीनं सांगितलं, तेही फार उशिरा, जेव्हा दादा अंथरुणाला खिळल्याचं कळवायला तिनं फोन केला तेव्हा. फुप्फुसं गेली होती. डॉक्टर म्हणत होते, रंगाच्या वासानं.

सर आणि नकाशाबाई मिळेल त्या गाडीनं निघाले. गावात पूर्वी बस पूल ओलांडून थेट चौकात जायची. आता या मुलखाची बस पुलाच्या या टोकाला वळायची आणि त्या मुलखाची त्या टोकाला. पूल मोकळाच होता, कुणी कुणाला अडवत नव्हतं. फक्त त्याच्यावरून कुणी जाताना दिसत नव्हतं.

दादा खिडकीजवळच्या पलंगावर होता. अंगाचा नुसता हाडांचा सापळा उरला होता, पण बहिणीला बघून तो हसला आणि त्यांच्या त्या जुन्या बोलीत म्हणाला, "आली का बाळी? नवऱ्यालाही आणलंस? बरं केलंस, यांच्याशी बोलायला मजा येते." वहिनीनं चहा आणला. ती मूळची पलीकडची, पण लग्न होऊन आली तेव्हा पूल ओलांडणं म्हणजे परगावी जाणं नव्हतं. नणंदेला बसायला खुर्ची देत ती म्हणाली, "वन्सं, यांना जास्त बोलू देऊ नका." पण तो थोडाच ऐकणार होता.

नकाशाबाईच्या ओठांवर काहीतरी होतं. वाटभर ती ते जुळवत आली होती. तिनं सुरुवात केली, "दादा, ती रेघ मी..."

त्यानं हातानंच तिला थांबवलं. "मला माहीत नाही का कुणी काढली ती? रोज बघत होतो. नदी वळते तिथं तू पेन उचललेलं नाहीस. एका दमात नेली आहेस." त्याला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "मला नसती जमली."

त्यापेक्षा तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. सर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. पांढऱ्या झालेल्या मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, की चूक झाली, मी अडून बसायला हवं होतं.

दादानं त्यांच्याकडं मान वळवली. मग विचारलं, "सर, आमची आई तुम्ही कुठल्या रंगात घातलीत?"

ते टोमण्यानं विचारलेलं नव्हतं. खरोखर विचारलेलं होतं. आई पलीकडं जन्मली, अलीकडं संसार केला, आणि पुरली गेली ती पलीकडं, कारण गावची दफनभूमी तिकडंच होती.

"असू दे," दादा म्हणाला. "मला तिच्या शेजारी न्या म्हणजे झालं. तेवढं नेता येईल ना?"

येईल, असं नकाशाबाई म्हणाली.

दादा गेला तो एका सकाळी, वहिनी त्याची उशी सारखी करत असताना. सुतारानं पेटी करून दिली. अलीकडच्या गल्लीतले लोक आले. नाही आले असं नाही. जुने शेजारी होते, ज्यांच्या पाट्या त्यानं रंगवल्या होत्या ते दुकानदार होते. त्यांनी पेटीला खांदा दिला आणि पुलाच्या तोंडाशी आणून ती दगडी कठड्याजवळ खाली ठेवली. त्यांच्यातला एकजण सरांपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, की इथून पुढं तिकडचे लोक येतील न्यायला. तशी पद्धत कुणी ठरवली होती, कधी ठरवली होती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण तो ते असं म्हणाला, जणू पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे.

मंडळी एकेक करून पांगली. वहिनीनं पलीकडं आपल्या माहेरी निरोप पाठवला होता. ते तिघं पेटीपाशी वाट बघत थांबले. ऊन चढलं. पुलाच्या त्या टोकाला माणसं उभी दिसत होती. घोळक्यानं उभी होती, आणि त्यांत वहिनीचा भाचाही तिला ओळखू आला. पण पुलावर पाऊल कुणी टाकेना. त्यांनाही बहुधा वाटत असावं, की इकडच्यांनी पूल ओलांडून आणावं, मग आपण घेऊ. नाहीतर वाटत असावं, की हा माणूस आपला कधी नव्हताच. वहिनीनं पदर तोंडाशी धरला होता. ती एकदाच म्हणाली, "यांना उन्हात ठेवलंय हो."

सरांनी कोट काढला, घडी करून कठड्यावर ठेवला आणि वाकून पेटीचा पुढचा एक कोपरा धरला. सत्तरी ओलांडलेला माणूस. नकाशाबाईनं पुढचा दुसरा धरला, वहिनीनं मागचा एक. चौथा कोपरा जमिनीवरून उठेना. तेव्हा अलीकडच्या बाजूनं एक माणूस भराभर चालत आला. त्याच्या हातांवर पांढऱ्या रंगाचे वाळलेले शिंतोडे होते. वहिनीनं त्याला ओळखलं. दुकानाची पाटी अर्धी पांढरी करून गेला होता, तोच तो पेंटर. वाकून त्यानं चौथा कोपरा उचलला.

चौघं पुलावरून चालू लागले. मधे मधे थांबावं लागत होतं, सरांचा दम पुरेना म्हणून. पलीकडं पोचले तेव्हा घोळका बाजूला झाला, वाट करून दिली. कुणी वाईट बोललं नाही. वहिनीच्या भाच्यानं एक पाऊल पुढं टाकलं होतं, पण शेजारच्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो होता तिथंच राहिला. एका घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, चौघांना पाणी पाजलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दफनभूमीत खणणारा माणूस होता, त्यानं आपलं काम केलं. आईच्या शेजारी दादाला मूठमाती दिली ती चौघांनीच. त्या दुसऱ्या पेंटरनं माती टाकताना, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, पुलावरच्या जुन्या बोलीत दोन शब्द म्हटले. म्हणजे त्यालाही ती येत होती.

परत आल्यावर सरांनी समितीकडं धाव घेतली. समितीचं आता मोठं खातं झालं होतं, अध्यक्ष बदलले होते. नकाशा मागं घ्यावा, निदान नव्या आवृत्तीत नदीकाठी तो पट्टा परत आणावा, असं सरांनी त्यांना कळवळून सांगितलं. नव्या अध्यक्षांनी त्यांना मानानं बसवलं, पाणी दिलं. ते म्हणाले, की नव्यानं पाहणी झाली आहे, आणि तुमची रेघ केवळ बरोबर नव्हे तर पूर्वीपेक्षाही बरोबर निघाली आहे. त्या गावात आता दोन वेगळे मुलूख स्पष्ट दिसतात. मिश्र लोकवस्ती आढळली नाही. सर, तुम्ही किती पुढचं पाहिलं होतं, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

सरांनी त्यानंतर कधी कुठल्या मुलखाबद्दल काही लिहिलं नाही. टेबलावरचे कागद उचलले गेले आणि तिथं पुन्हा जेवणं व्हायला लागली.

वहिनीला त्यांनी बरोबरच आणलं होतं. गावात कुठल्याच काठावर तिचं आपलं म्हणावं असं कुणी राहिलं नव्हतं. शहरातली भाषा तिला धड येत नव्हती. भाजीवाल्याशी ती खुणांनी बोलायची आणि घरी येऊन त्याची नक्कल करायची. सकाळी स्वयंपाकघरात दोघी नणंदा-भावजया कामाला लागल्या, की त्यांच्या गावच्या बोलीत बोलणं सुरू व्हायचं. आकडे एका भाषेतले, शिव्या दुसरीतल्या. कुणाच्या सासूनं काय केलं, पुलावरून कोण कधी पडलं, दादा शिडीवरून उतरायला कसा घाबरायचा. हसणंही व्हायचं त्यात, नाही असं नाही. त्या सबंध शहरात ती बोली बोलणाऱ्या त्या दोघीच होत्या, आणि बहुधा आता त्या गावातही फारसं कुणी उरलं नव्हतं.

सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसत. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नसे. आयुष्यभर त्यांनी अशी बोलणी गोळा केली होती, आणि आता ती त्यांच्याच घरात, दाराच्या पलीकडं चालली होती. एखाद्या दिवशी राहवत नसे. मग ते पाणी प्यायच्या निमित्तानं उठून दाराशी येत. त्यांना बघितलं की दोघी थांबत. रागानं नव्हे. वहिनी पदर सारखा करे, नकाशाबाई शहरी भाषेत विचारी, "काही हवंय का तुम्हाला?"

"नाही," सर म्हणत. "चालू द्या तुमचं."

ते पाणी पिऊन जात. दोघी थोडा वेळ नुसती भांडी विसळत राहत. सर खुर्चीत बसल्याचा आवाज आला, की वहिनीच आधी, अगदी हळू आवाजात, पुन्हा बोलायला लागे.